कुहीला जायला जीप

३ ऑक्टोबर १९८२, रविवार. रात्री.
कुहीहून आत्ता आलो. बसमध्ये उभ्याने प्रवास. एका बाईची कोंबडी सगळ्या वाटेत माझ्या धोतरावर डोळा ठेवून होती. हे आता पुरे.

धाकटा भाऊ रुपराव तिथली आमची शेती एकटा सांभाळतो. माझा हिस्सा आहे, पण नोकरीमुळे मला फक्त रविवारी जाता येतं. बिचारा माझ्या मार्गदर्शनाशिवाय आठवडाभर काय करत असेल! मी पोचलो की तो तडक शेताच्या पार टोकाला कामाला लागतो. धाक आहे. आज त्याच्या बायकोचं, जयवंताचं डोकं दुखत होतं. मागच्या रविवारीही दुखत होतं. घरात मोठं माणूस आलं की बाईला निवांत दुखणं काढता येतं.

धानाचे बांध वाकडे होते. दाखवून दिले. कामावरच्या बायांनाही चार शब्द सुनावले.

संकल्प : स्वतःची गाडी घेणे. धंतोलीतले डॉक्टर कृष्णकांत डिझेल जीप विकणार आहेत, असं ऑफिसात कळलं. ठरलं.

५ ऑक्टोबर, मंगळवार.
जीप पाहिली. रंग उडालेला, पण बांधा भक्कम. डॉक्टर खेड्यापाड्यांत पेशंट बघत हिंडले त्यात. प्रामाणिक माणूस. म्हणाले, मीटरचा आकडा लाखाचा फेरा मारून पुन्हा शून्यावर आला आणि पुढे निघाला. म्हणजे मीटरच्या हिशेबाने गाडी तशी नवीनच.

धूर काळा. त्यांचा ड्रायव्हर गिरिधर म्हणाला, डिझेल म्हटलं की धूर आलाच. मी इंजिनाचं झाकण उघडून आत पाहिलं आणि 'हूं' म्हणालो. आत काय होतं ते कळलं नाही, पण 'हूं'चा परिणाम चांगला झाला. लायसन्स माझ्याकडे आहेच, चालवायला फक्त शिकायचं राहिलंय.

डॉक्टरांना 'पाहतो' एवढंच सांगितलं. गरज दाखवली की भाव चढतो.

घरी बायकोला, प्रेमिलाला बातमी दिली, आता बुधवारीही जाता येईल म्हणालो. ती म्हणाली, "म्हणजे आता बुधवारीबी जान तुम्ही कुहीले?" आनंदाने तिची तव्यावरची पोळी करपली.

२७ ऑक्टोबर, दसरा.
उत्तम मुहूर्त. म्हणूनच आज घेतली नाही. डॉक्टरांना वाटेल, हा उतावीळ आहे.

७ नोव्हेंबर, रविवार.
ट्रायल! थेट कुहीपर्यंत. गिरिधरने चालवली. मी शेजारी बसून सूचना दिल्या. निघताना चार जणांनी ढकलली तेव्हा सुरू झाली. थंडीत माणूससुद्धा लगेच उठत नाही. पुढे मात्र पळाली. एका चढावर जरा थांबली, तेव्हा एक सायकलवाला आम्हाला ओलांडून गेला. रिकामटेकडा होता.

गावात मोठी खळबळ. रुपराव आज पार टोकाला गेला नाही. माझ्याजवळ खाटेवर बसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं. त्याला प्लॅन सांगितला. बुधवारी संध्याकाळी एक चक्कर. शनिवारी मुक्काम. रविवार पूर्ण. कापणी-मळणीला पंधरा दिवस रजा टाकून त्याच्याचकडे. जयवंता चहा घेऊन उंबऱ्यातच उभी राहिली. म्हणाली, "काहून येवढा तरास घेता बापा." किती काळजी! रुपरावची विडी विझली तरी त्याला पत्ता नव्हता.

मग त्याने बारीकसारीक विचारलं. "डाक्टर बसतेत कुठं गा भाऊ? मांगून राह्यले किती? रोख देल्ली तं उतरतीन काय?" मी सगळं सांगितलं. रोखीला डॉक्टर लगेच उतरतील, पण मी महिनाभर ताटकळत ठेवणार आहे, म्हणजे आणखी उतरतील, हा डावही सांगितला. रुपराव म्हणाला, "बराबर आहे भाऊ. घाई नोका करू." शहाणा झालाय पोरगा. गाडीला थोडा हातभार लावायचा विचार दिसतो. मला भरून आलं.

१५ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन.
घ्यावी? इंजिन बोअरिंगला आलंय, म्हणजे झिजलंय, मोठा खर्च निघेल, असं ऑफिसात दोघे म्हणाले. न घ्यावी? मग बुधवारचं काय? रात्री प्रेमिलाला उठवून विचारलं. ती म्हणाली, "घ्याची तं घ्या, नाही तं सोडा, पन मले झोपू द्या." दिवाळीत बायका थकतात.

२८ नोव्हेंबर, रविवार.
आज कुहीला गेलो नाही. फंडातून उचललेले पैसे खिशात घालून धंतोली गाठली. निर्णय पक्का.

जीप नाही! डॉक्टर म्हणाले, विकली. केव्हा? म्हणे, झाले पंधरा-वीस दिवस. कुणा शेतकऱ्याने रोख मोजून नेली. मी म्हणालो, मी 'पाहतो' म्हणालो होतो ना? ते म्हणाले, "हो, तुम्ही पाहत होता, त्याने घेतली."

याला म्हणतात विश्वासघात. शिकलेला माणूस, आणि शब्दाची चाड नाही. जेवलो नाही. रुपरावला कसं सांगू? मनाला लावून घेईल.

५ डिसेंबर, रविवार.
बसने कुही. रुपराव घरी नव्हता. जयवंताचं डोकं. तिलाच जीपची वाईट बातमी सांगितली. तिने तोंडाला पदर लावला आणि आत निघून गेली. रडली असणार.

गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली काहीतरी मोठं झाकलेलं होतं. मळणीचं सामान, असं ती आतूनच म्हणाली. ताडपत्री नीट बांधली नव्हती, मी बांधून दिली. रुपराव उशिरा आला. हाताला डिझेलचा वास. शेतातल्या पंपावर मर मर राबतो बिचारा. त्याची नजर वर होत नव्हती. मीच त्याची समजूत घातली की दुसरी गाडी बघू.

१९ डिसेंबर, रविवार. दुपार.
सकाळी बसला निघणार तोच दारात हॉर्न. तीच जीप. गिरिधर शिकवायला शेजारी बसलेला आणि स्टिअरिंगवर रुपराव. मागे तांदळाची पोती आणि पोत्यांवर जयवंता, नवं लुगडं नेसून. डोकं अजिबात दुखत नव्हतं.

गिरिधरच बोलून गेला. ट्रायलच्या दुसऱ्याच दिवशी रुपराव पैसे घेऊन धंतोलीला आला होता. माझ्याकडूनच पत्ता, किंमत, डाव सगळं घेऊन गेला आणि मला म्हणाला घाई करू नका. माझा सख्खा भाऊ.

मी विचारलं, का रे? तो पोती उतरवत म्हणाला, "भाऊ, तुमचा हिस्सा. आता तुम्ही बसमंदी कायले हाल करून घेता? मीच घरी आनून देत जाईन. तुम्ही निस्ता आराम करा." प्रेमिलाने चहा ठेवलेलाच होता, पाच कपांचा. म्हणजे ती यांची वाट पाहत होती. तिला कधीपासून ठाऊक होतं ते मी विचारलं नाही.

शेवटी मी स्पष्टच विचारलं, मी आलेला तुम्हाला नको असतो का? रुपराव पोतं भिंतीला नीट लावू लागला. म्हणाला, "तसं नाही भाऊ." जयवंता म्हणाली, "मांगच्या कापनीले तुम्ही बोलल्यावर बाया आल्याच नाही. धान उभंच राह्यलं."

आत्ता सगळे जीपमधून सीताबर्डीच्या बाजारात गेलेत, प्रेमिलासुद्धा. मीही गेलो असतो. चपला घातल्या होत्या. कोणी चल म्हटलं नाही.

फार लागलंय मनाला. मला कुहीला जायचं होतं, एवढंच. पोती मोजली. माझ्या हिश्श्यापेक्षा एक जास्तच निघालं. भांडायलासुद्धा जागा ठेवली नाही त्याने.