माऊसच्या चाकातला धागा

मंगळवार, संध्याकाळ

दोन तास माऊसने छळलं. मेलमध्ये शहाण्यासारखा वागतो, पण नकाशाच्या प्रोग्रॅममध्ये चित्र आपोआप लहानमोठं होतं, एक्सेलमध्ये पान वर पळतं. उद्या आचोळे गावातल्या आर्किटेक्टच्या ऑफिसात घराचा नकाशा द्यायचाय, पसंत पडला तरच नोकरी. दोन्ही प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकले. तेच.

आई त्याच टेबलावर गजरे करत होती. म्हणाली, "जिथं बिघडतो, तिथं कुठलं बोट चालतं तुझं?"

मधलं, चाकावरचं. छोट्या मेलमध्ये चाक लागतच नाही.

"मग चाक बघ की. पानी नाय आलं म्हनून दर वेळी मोटर खोलायची का?"

केसांतली पिन काढून तिने चाकाच्या फटीतून केळीच्या सोपाचा, खोडाच्या सालीचा, बारीक धागा ओढला. तिच्याच गजऱ्याचा. "घे, तुझी नोकरी मीच अडवली होती," म्हणून हसत बसली.

घरात पहिली पदवी माझी. मग हा साधा प्रश्न मला का सुचला नाही? ती तर चौथीपर्यंतच शिकलेली.

नकाशा झाला. कोपऱ्यात 'तपासणी'चा रकाना असतो, तिथे आईचं नाव घातलं. ऑफिससाठी पुसावं लागलं. म्हणून तो धागा इथे डायरीत चिकटवते आणि खाली लिहिते: तपासणी, सुनंदा.