उजवा सात, डावा सव्वाआठ

७ फेब्रुवारी, शनिवार

एका डोळ्याला मंजुरी, एकाला नाही!

असं होऊ शकतं हे आज कळलं. आमच्या कंपनीच्या हेल्थ पॉलिसीत चष्मा घालवायचं लेझर ऑपरेशन बसतं, पण नंबर साडेसात किंवा वर असेल तरच. त्याखाली म्हणे ती हौस. माझा डावा सव्वाआठ, म्हणजे पास. उजवा सात, नापास. नंबर वाढू नये म्हणून आईने जन्मभर गाजरं खायला घातली, आणि आज अर्ध्या नंबरासाठी जीव तळमळतोय!

इंदूरला अन्नपूर्णा मंदिराजवळच्या हॉस्पिटलात सोनलजींनी डोळे तपासले. बाई गोड आहे. पप्पा मागे स्टुलावर बसून होते. महूहून स्कूटरवर त्यांनीच आणलं. आठवडाभर मी ऑफिसला बसने येते-जाते तेव्हा काही नाही, पण डोळ्यांचं काम म्हटल्यावर — 'तुला एकटीला नाही सोडणार.' रिटायर झाल्यापासून त्यांना वेळच वेळ.

रस्ताभर त्यांचा खेळ चालू. 'बेटा, तो बोर्ड वाच. सिग्नल कोणता लागलाय? बघू तरी, तुझा चष्मा किती कामाचा आहे!' सत्तावीस वर्षांची झाले, तरी बालवाडी सुटत नाही. वाचत जाते मी, काय करणार.

९ फेब्रुवारी, सोमवार

ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या अश्विनला सांगितलं. त्याला जगातलं सगळं कळतं. इलाज तयारच होता — "अरे मैडम, आपकी तो साढ़ेसाती अटकी है! नंबर मशीन थोड़ी लिखती है, आप लिखवाते हो. वो पूछेगी, अब साफ है? आप बोलो, नहीं. दो बार बोलना है बस, काम खल्लास!"

साडेसाती आम्ही मानत नाही. तरी हसले.

संध्याकाळी बसमध्ये हसू गेलं, ते दोन 'नहीं' तेवढे डोक्यात राहिले.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

विहारात जयंतीची मिटिंग आहे, निरोप आला. आई कामाला लागली. मला गेलं वर्ष आठवलं.

गेल्या चौदा एप्रिलला बाबासाहेबांच्या जन्मभूमी स्मारकाच्या गर्दीत कुणाचा तरी कोपर लागला आणि माझा चष्मा गेला. खाली वाकायची सोय नव्हती. पायांखाली काच फुटल्याचा आवाज तेवढा आला. आई दोन हातांवर उभी राहून मला हाका मारत होती, आणि मला नुसते पांढरे डाग दिसत होते. पांढऱ्या साड्या तर सगळ्यांच्याच! त्यातली माझी आई कुठली? भिंतीला टेकून रडले. एवढी घोडी झालेली मी, मेळ्यात हरवलेल्या पोरीसारखी.

यंदा जयंतीला मला आईला ओळखायचंय, काही नाकावर न चढवता. ही हौस आहे?

२१ फेब्रुवारी, शनिवार

केलं.

इन्शुरन्सला पाठवायचा रिपोर्ट करायला परत बोलावलं होतं. सोनलजी भिंगं बदलत होत्या. 'अब साफ है?' साफ होतं. शेवटून दुसरी ओळ — एफ, पी, झेड, ओ — अगदी ठळक. म्हटलं, 'थोड़ा धुंधला है.' टक्. नवं भिंग. 'अब?' 'अभी भी.' टक्.

उजवा साडेसात! इतकं सोपं होतं.

पप्पा मागे ओठांतल्या ओठांत माझ्याबरोबर वाचत होते, ते मध्येच थांबले. मी वळून बघितलं नाही.

परत येताना राऊच्या चौकात त्यांनी भलतीकडेच स्कूटर वळवली. मी ओरडले तर हसले, 'तुझी परीक्षा घेत होतो.' मी नेमकी परीक्षा देऊनच आले होते, त्यामुळे हसू आलं नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी विहारात वंदना. पप्पा हल्ली पुस्तक धरतच नाहीत, डोळे मिटून म्हणतात. सगळं मुखोद्गत. मी पुस्तक धरून. चौथं शील आलं, मुसावादा वेरमणी, खोटं बोलणार नाही — आणि माझा आवाजच बसला.

आईने कोपराने ढोसलं. 'खोकला झालाय का गं?'

हो म्हटलं. म्हणजे अजून एक!

२६ फेब्रुवारी, गुरुवार

मंजूर! दोन्ही डोळे! अश्विनने कचोरीची पार्टी उकळली.

सात मार्चला डोळ्यांत थेंब घालून शेवटची तपासणी, चौदाला ऑपरेशन. जयंतीच्या बरोबर महिनाभर आधी.

दुपारी हॉस्पिटलातून फोन आला, कोणी मुलगी होती, सगळं समजावून सांगत होती. 'मैम, रिपोर्ट में जो नंबर है ना, लेज़र उसी हिसाब से चलेगा.' हा विचार मी केलाच नव्हता. थाप इन्शुरन्सला मारली, पण ती कोरली जाणार माझ्याच डोळ्यात. कायमची.

राहिलेली कचोरी अश्विनकडे सरकवली.

१ मार्च, रविवार

अंगणात चहा पिताना पप्पांनी सरळ विचारलं.

'त्या दिवशी मुद्दाम चुकलीस ना? आदल्या खेपेला घडाघडा वाचली होतीस ती ओळ. एफ, पी, झेड, ओ.'

वाटलं, आता तोफ डागणार. पण ते हसायला लागले, आणि मला कधीच न सांगितलेली गोष्ट सांगितली. नथू आजोबा महार रेजिमेंटमध्ये हवालदार. त्यामुळे अठरा पूर्ण झाल्यावर पप्पाही भरतीच्या रांगेत. पण डोळे कच्चे. म्हणून आदल्या दिवशी मेडिकल देऊन आलेल्या एका पोराकडून तक्त्यावरची सगळी अक्षरं पाठ करून गेले. डॉक्टरसमोर एका दमात म्हणून टाकली. डॉक्टर म्हणाला, 'शाबाश बेटा! पर ये तो कल वाला चार्ट था.'

आजोबा महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. पप्पा मग वीज कंपनीत लागले आणि जन्मभर लोकांचे मीटर वाचले.

'मी म्हटलं दिसतं, तू म्हणतेस दिसत नाही. खानदानच असलं आपलं!'

रागावले असते तर बरं झालं असतं. 'चूक बरोबर तुझं तू बघ' असंही म्हणाले नाहीत. कप उचलून आत गेले, आणि उंबऱ्याला ठेचकाळले. म्हातारपण! मलाच वाईट वाटलं.

३ मार्च, मंगळवार

शनिवारी सांगायचं. थेंब पडायच्या आधी. ठरलं.

७ मार्च, शनिवार

सांगून टाकलं!! थेंबांचा असर उतरलेला नाही, पान नुसतं पांढरं. ओळ कुठे चाललीय कुणास ठाऊक —

८ मार्च, रविवार

आज अक्षरं दिसताहेत. कालची ओळ चांगली तिरपी जाऊन पानाबाहेर पडलीय.

सोनलजींना म्हटलं, 'उस दिन मैंने झूठ बोला था.' त्यांनी भिंगांचा डबासुद्धा खाली ठेवला नाही. 'मैडम, आप पहली थोड़े ही हो! ड्रॉप्स में वैसे भी पकड़ में आ जाता. अच्छा किया, खुद बोल दिया.' थेंब घालून मोजलं. उजवा सातच, इमानदार. इन्शुरन्सला खरा रिपोर्ट जाईल आणि मंजुरी एका डोळ्यावर येईल. उजव्याचं माझं मी बघेन, पुढच्या वर्षी. यंदा जयंतीला चष्म्याला दोरी बांधून जाईन. आईला सांगितलं तर म्हणाली, मी लाल साडी नेसते, मग तर ओळखशील? रडू आलं मला. किती दिवसांनी हलकं वाटतंय.

गंमत पुढेच झाली. निघताना सोनलजी म्हणाल्या, 'अंकलजी, आप भी बैठ जाओ, दो मिनट.' पप्पा नको नको म्हणत होते, मीच ढकललं. मला तर स्क्रीन म्हणजे नुसता उजेड. पण पप्पा! आधी एक डोळा झाकून, मग दुसरा — एफ, पी, झेड, ओ — मी भिंगं लावून वाचते ती ओळसुद्धा घडाघडा! बासष्ट वर्षांचे आहेत, आणि माझ्यापेक्षा पक्के डोळे. 'देखा?' म्हणाले. सोनलजींनी माझा मोबाइल नंबर तेवढा परत विचारून घेतला.

येताना मात्र पप्पांनी कमाल केली. स्कूटर तिथेच हॉस्पिटलात ठेवली. 'आज तुला दिसत नाही, बसने जाऊ.' मी म्हटलं, अहो, मला दिसलं काय, न दिसलं काय, चालवणार तर तुम्ही ना! ऐकलं नाही. बसमध्ये माझा हात धरून बसले.

९ मार्च, सोमवार

सोनलजींचा फोन. ऑफिसातच घेतला. 'मैडम, अंकलजी के सामने नहीं बोली, बुरा मान जाते. दोनों आँखों में मोतिया है, काफी पका हुआ. जल्दी ले आइए.' मी म्हटलं, पर उन्होंने तो सब पढ़ा! 'उनके लिए मैंने स्क्रीन पर गिनती लगाई थी, मैडम. ए बी सी डी थी ही नहीं.'

पॉलिसीत आई-पप्पांची नावं तीन वर्षांपासून आहेत. मोतीबिंदूला नंबराची अट नाही. ते कलम माझ्या कलमाच्या बरोबर खाली होतं, मी वाचलंच नव्हतं.

'बेटा, तो बोर्ड वाच. सिग्नल कोणता लागलाय?'

महू ते इंदूर स्कूटर मी चालवत होते.