निळ्यात पांढरा किती

प्रिय भोवऱ्या,

हे पत्र आज दुपारी तुझ्या हातात पडावं म्हणून मी ते मुद्दाम माणसाच्या हाती पाठवलं आहे. उद्या अकरा वाजता विमानतळाच्या नव्या दालनात तुझ्या भिंतीवरचा पडदा खाली येणार. त्याआधी तुला हे दोनदा वाचायला वेळ मिळावा, एवढी काळजी मी घेतली आहे. निमंत्रणपत्रिका पोचली. कागद चांगला जाड आहे, आई त्याने वारा घेते. वर तुझं नाव, विमानतळाच्या मोठ्या साहेबांचं नाव, ज्यांनी परांची बांधून दिली त्या ठेकेदाराचंसुद्धा नाव. माझं शोधायला चष्मा पुसून बसले, मग म्हटलं, अगं बाई, जे छापलंच नाही ते चष्म्याने कसं दिसेल! असो. भिंतीचं मोल मला ठाऊक आहे. तूच तर म्हणालास, ताई, ही रंगवलेली चक्रं फिरली तर पुढची तीन दालनं माझी, आणि नाही फिरली तर दुकानाला कुलूप. तेव्हा तुझा आवाज कापत होता. मला तो ऐकून बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

तुला ती सायकलवाल्याची पाटी आठवते का? बाबांच्या दुकानात पाट्या रंगवायला मी बसायचे आणि तू शाळेतून आलास की पायात घुटमळायचास. मी एकोणीस वर्षांची, तू चौदाचा. सायकलवाल्याला नावाच्या बाजूला चाक हवं होतं. डब्यांच्या तळाशी उरलेले चार रंग होते, काळा, निळा, पांढरा, पिवळा. ते मी चाकाच्या कडेने छोट्या छोट्या तुकड्यांत याच क्रमाने भरत गेले. फडकं घ्यायला मान वळवली आणि डोळ्याच्या कोपऱ्यात चाक सरकलं. सरळ पाहिलं तर गप्प. नावाकडे पाहिलं की पुन्हा चालू! मी किंचाळले. बाबा शिव्या घालत आले, पाटीपुढे उभे राहिले आणि म्हणाले, ही काय भुताटकी. आईला गरगरलं, ती म्हणाली, उचला ते मेलं चाक. तेवढ्यात तू आलास. आम्ही तिघंही तुला विचारायला लागलो, फिरतंय ना, फिरतंय ना? तू आधी माझ्या तोंडाकडे पाहिलंस, मग बाबांच्या, आणि मग उड्या मारत ओरडलास की केवढं फिरतंय! त्या दिवसापासून तुझं नाव भोवरा पडलं. बाबांनी तुला खांद्यावर घेतलं. पाटी मी केली होती, पण उड्या तू मारल्यास, त्यामुळे खांदाही तुलाच.

मग मी त्या डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारलं, ज्यांची पाटी आपण दर दोन वर्षांनी नवी करून द्यायचो. भला माणूस. त्यांनी मला स्टुलावर बसवून समजावलं. आपण टक लावून बघतोय असं वाटतं, पण डोळा कधीच एका जागी ठरत नाही, सारखा बारीक थरथरतो, मध्ये मध्ये पापणीही लवते. प्रत्येक थरथरीला चित्र डोळ्यात नव्याने उमटतं. गडद काळं आणि लख्ख पांढरं यांची खबर मेंदूला लवकर पोचते, मधल्या छटांची जरा मागून. एकापाठोपाठ खबर आली की मेंदूला वाटतं, कोणीतरी इथून तिथे सरकलं. बिचारा फसतो. समोर रोखून पाहिलं की थांबतं, कारण हे सगळं नजरेच्या कडेला जास्त जोरात चालतं. डॉक्टर म्हणाले, यावर मोठमोठे लोक अजून भांडतायत, मी सांगितलं ते शेवटचं समजू नकोस. आणि उठता उठता म्हणाले, काही माणसांना हे मुळीच दिसत नाही, त्यांच्या डोळ्यांत काही बिघाड नसतो, फक्त दिसत नाही. मी ते एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडलं. आपल्या घरात असा कोणी असेल हे डोक्यातच आलं नाही.

तुझा हात कंपासवर बसला, हे मी कधी नाकारलं नाही. तू काढलेली वर्तुळं बघून बाबांचे डोळे भरायचे. तू आखणी करायचास, प्रत्येक तुकड्यात एक, दोन, तीन, चार असे आकडे घालायचास, आणि मी रंग भरायचे. एका दुपारी माझ्या हातून निळ्यात पांढरा जास्त पडला. निळा इतका फिका झाला की पिवळ्याच्या तोलाचा होऊन बसला. क्रम बरोबर, आकडे बरोबर, पण चाक मेलं. ढिम्म. मी ते खरवडायला पत्रा हातात घेतला होता, तेवढ्यात तू आलास, कमरेवर हात ठेवलेस आणि म्हणालास, वा, हे तर सगळ्यांत जोरात! मी हसले, वाटलं, थट्टा करतोयस. मग तुझा चेहरा पाहिला. तू थट्टा करत नव्हतास रे. तू घाबरला होतास. मी म्हटलं, हो ना. तू चहा आणायला गेलास आणि मी ते चाक खरवडून टाकलं.

बघ, हे मला तेव्हापासून माहीत आहे. तुला वाटत राहिलं की ताई भोळी आहे, तिला काही कळलं नाही. फिरतंय का, हा प्रश्न तू मला एकदाही विचारला नाहीस. तू विचारायचास, झालं का? मी चक्र फिरायला लागेपर्यंत नाही म्हणायचे आणि फिरायला लागलं की झालं म्हणायचे. सव्वीस वर्षं आपला कारखाना या एका शब्दावर चालला. मला वाटायचं, एक ना एक दिवस तू जवळ येऊन बसशील आणि म्हणशील, ताई, मला काही दिसत नाही गं. मी तुला कुशीत घेतलं असतं. देवाशपथ घेतलं असतं. बाकी दुनियेला मी सांगितलं नसतं, हेही तुला ठाऊक होतं. तरी नाही आलास.

पुढे तुझं नाव झालं. पेपरात तुझी मुलाखत आली, तीत सायकलवाल्याची पाटी तू रंगवली होतीस, फडकं घ्यायला मान तू वळवली होतीस. मी ती आईला मोठ्याने वाचून दाखवली. आई म्हणाली, कुणाच्या का कोंबड्याने उजाडेना. मी म्हटलं, कोंबडा गेला खड्ड्यात, त्या कोंबड्याला आरवताही येत नाही. आईला काही उमगलं नाही, ती हसली. मीही सोडून दिलं. माझा स्वभाव तिखट असेल, पण तेवढ्यावरून मी हे पत्र लिहिलं नसतं.

गेल्या वर्षी तू शिकलेली तीन मुलं ठेवलीस आणि रंग दुकानातून तयार आणायला लागलास. मला म्हणालास, ताई, आता आराम कर. तुझा समज असा की गुपित आकड्यांत आहे आणि आकडे तर तुझ्या आखणीवर लिहिलेलेच आहेत. अरे शहाण्या, गुपित आकड्यांत कधीच नव्हतं. निळा गडदच राहिला पाहिजे, पिवळा उजळच राहिला पाहिजे, दोघांच्या खोलीत अंतर हवं. निळ्यात पांढरा किती, हे मी डोळ्याने ठरवायचे, आणि तू ते कधी विचारलंही नाहीस. त्या पोरांनी भरलेली तुझ्या प्रदर्शनातली आठही चित्रं मेलेली होती. लोक वा वा करत पुढे जात होते, कारण मोठ्या माणसाच्या चित्रापुढे वा म्हणायचं असतं. मग एका शाळेतल्या मुलीने खड्या आवाजात सांगितलं, हे फिरत नाहीये. सगळे थांबले. तू माझ्याकडे बोट केलंस आणि हसत हसत म्हणालास, शेवटची नजर आमच्या ताईची असते, पण वय झालंय तिचं, हल्ली तिला फिरणारं आणि न फिरणारं यातलं काही कळत नाही. त्या चित्रांना माझं बोटसुद्धा लागलं नव्हतं. लोक माझ्याकडे कीव आल्यासारखे बघायला लागले. कोणीतरी खुर्ची आणून दिली. आणि मी त्या खुर्चीवर बसले रे. पन्नास वर्षांची धडधाकट बाई, दोन डोळे शाबूत, आणि आंधळीसारखी खुर्चीवर बसून राहिले, कारण उठून खरं बोलले असते तर तू तिथल्या तिथे संपला असतास.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांच्या मुलाकडे जाऊन डोळे तपासून घेतले. वाचायचा नंबर सोडला तर ठणठणीत. कागद मी जपून ठेवला आहे. तू आठ महिने फिरकला नाहीस. मग ही भिंत मिळाली आणि तुला बहीण आठवली. संत्री घेऊन आलास. आठ महिन्यांची दोन किलो संत्री! स्टुलावर बसून म्हणालास, ताई, भिंतीचे रंग तूच मिसळ, पोरांना तुझ्यासारखं जमत नाही. झालं गेलं, एवढे दोन शब्दसुद्धा तोंडातून निघाले नाहीत. मी लगेच हो म्हटलं. तुझी छाती केवढी हलकी झाली, दिसलं मला. बारा दिवस मी त्या दालनात डब्यांवर वाकून रंग ढवळला. तुझी पोरं परांचीवर भिंतीला नाक लावून आकडे भरत होती, त्यांना एका वेळी चार तुकड्यांपलीकडे काही दिसत नव्हतं. भरून झालेल्या भागावर तू लगेच कापड टाकत होतास, उद्याचा थाट बिघडू नये म्हणून. शेवटच्या दिवशी सगळ्यांना बाहेर काढून तू कापड उचललंस, मी दालनाच्या दुसऱ्या टोकाला उभी राहून पाहिलं, आणि तू नेहमीचा प्रश्न विचारलास. मी नेहमीचं उत्तर दिलं. तू माझ्या पाया पडलास, आणि मी पाय मागे घेतले नाहीत.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. त्या बारा दिवसांत निळ्यात पांढरा किती टाकला ते मी तुला सांगणार नाही. हवा तेवढाच टाकला असेल, नाहीतर पिवळ्याच्या तोलाचा होईपर्यंत टाकला असेल. आज भिंतीपुढे जाऊन उभा राहा आणि बघ, तुला काही कळतं का. उद्या टाळ्या पडतीलच, त्या कशालाही पडतात, त्यांवरून तुला उमगणार नाही. पोरांपैकी एखाद्याला आज गुपचूप कापडाआड नेऊन विचारशील, तर ज्याला विचारशील त्याला तुझं इतक्या वर्षांचं झाकलेलं कळेल, आणि संध्याकाळपर्यंत ते गावभर होईल. आईला विचारशील तर तुला हवं तेच ती सांगेल, जन्मभर तिने तेच केलं. मग तुला लेक आठवेल. म्हणशील, आठ वर्षांची पोर, खोटं कशाला बोलेल, तिला बोट धरून नेऊ. नेऊ नकोस. तुम्ही नवराबायको परदेशी गेलात तेव्हा ती आठ दिवस माझ्याकडे होती. मी तिला एक चक्र करून दाखवलं आणि विचारलं, कुठल्या बाजूला फिरतंय गं? तिने चक्राकडे पाहिलंच नाही, माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग रडायला लागली. म्हणाली, आत्या, बाबांची चित्रं मला कधीच फिरताना दिसली नाहीत, मी रोज खोटंच हो म्हणते, कारण बाबा एवढ्या आशेने विचारतात, तू त्यांना सांगू नकोस. मी तिला कुशीत घेतलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला की सांगणार नाही. तो शब्द मी आज मोडला.

तुझीच,
ताई