फळीवरचा भूकंपमापक

लोणखेडा, मार्च, शनिवार संध्याकाळ

ज्या दूरच्या मोठ्या भूकंपाची इतके महिने वाट पाहिली, तो काल झाला. आणि भ्रंशाच्या, म्हणजे जमिनीखालच्या खडकांतल्या मोठ्या भेगेच्या, या बाजूचं आमचं एकमेव यंत्र तेव्हा जमिनीवर नव्हतं. होळीसाठी घर सारवताना घरमालकीण काकूंनी ते उचलून फळीवर ठेवलं, डब्यांशेजारी. "ओल लागी जाती ना पोरी!" वर हळदकुंकूही लावलेलं. नोंदीत लाटांपेक्षा फळीचीच थरथर जास्त. दूरच्या भूकंपाच्या लाटांवरूनच काढायचं भ्रंशाखालच्या खडकांचं चित्र आता अर्धंच राहणार. फळीवर! काकूंवर चिडून तरी काय उपयोग?

यंत्र पुन्हा जमिनीवर बसवताना त्यांनी विचारलं, "आते भूकंप येवाव नही ना?"

"सांगता येत नाही," मी म्हणाले. मनात मात्र तोच मागत होते. दूर कुठेतरी, पण मोठा. म्हणजे कुणाच्या तरी घराखाली.