यंदा काठी मीच पेलणार

१ डिसेंबर, सकाळी ६
आजपासून नंदीध्वजाचा, म्हणजे आमच्या उंच, जड मानाच्या काठीचा सराव. सिद्धेश्वरांच्या यात्रेत आमच्या चौकातला काठीचा टप्पा वडिलांनी साठीपर्यंत पेलला. मी तर बावन्नचाच. कोलायटिसमुळे, म्हणजे आतड्यांच्या दुखण्यामुळे, सहा वर्षं हा मान चुलतभाऊ मल्लूला सांभाळायला दिला होता. यंदा मीच. निश्चय पक्का.

१ डिसेंबर, सकाळी ६.२०
सराव अर्ध्यात सोडून घरी पळालो. ऐन वेळी जोराची लागली. मिरवणुकीत असं झालं तर? काठी सोडता येत नाही आणि हेही थांबवता येत नाही.

४ डिसेंबर
उपाय घरातच होता! मागच्या खेपेच्या स्टिरॉइडच्या गोळ्या, दोन पाकिटं. डॉक्टरीणबाईंनी बंद केल्या होत्या, पण बाई जरा भित्र्याच. उगाच फोन करून त्यांना त्रास कशाला?

१० डिसेंबर
पोट गार. गाल भरले. दुकानात टॉवेल घ्यायला आलेलं गिऱ्हाईक म्हणालं, मालक, तब्येत झकास झाली की. सिद्धेश्वरी म्हणाली, सूज आहे ती. बायकोला कौतुक जमत नाही.

१५ डिसेंबर
तिने ओढून दवाखान्यात नेलं. बाई म्हणाल्या, आतड्यांची सूज आणि स्टिरॉइड, दोन्ही मिळून हाडं पोकळ करतात. हाडं किती भरीव आहेत ते बघायला डेक्सा स्कॅन करा, कॅल्शियम घ्या, ऊन घ्या. सोलापूरच्या माणसाला ऊन घ्या! (मी नऊ ते नऊ दुकानात असतो, ते वेगळं.) गोळ्या घेता का, विचारलं. कधीतरी, म्हणालो. म्हणजे नाश्त्यानंतर, रोज.

२० डिसेंबर
हाडांचा टी-स्कोअर उणे तीन. उणे अडीचच्या खाली गेला की हाडं ठिसूळ, म्हणे. फक्त तीन! दहावीला गणितात मी सोळाने कमी पडलो होतो, काही अडलं का? उंचीही पाऊण इंच कमी भरली. नर्सला मोजता येत नाही. गोळ्यांची पाकिटं सिद्धेश्वरीने पर्समधून काढून बाईंच्या टेबलावर ठेवली. घरभेदी! बाई म्हणाल्या, काठीला हात लावायचा नाही. स्टिरॉइडही एकदम तोडू नका, मी सांगते तसं कमी करा, हाडांचं औषध आजच सुरू करू. मी म्हणालो, सगळं यात्रेनंतर.

२ जानेवारी
काठी कमरेला घेऊन एकवीस पावलं!! मल्लू म्हणाला, अण्णा, तुमी लई थरथरायलाय की. उत्साहाने, दुसरं काय.

९ जानेवारी
चप्पल घालायला वाकलो. शिंक आली. पाठीत कट्‌कन आवाज. खाली बसलो तो उठलोच नाही.

१० जानेवारी
मणका दबला. शिंकेने! काठीखाली दबला असता तर चारचौघांत सांगता तरी आलं असतं. तीन महिने पाठीला पट्टा. हाडांचं औषध सुरू. सिद्धेश्वरी पाठ शेकता शेकता रडत होती. मला भांडणाची सवय आहे, याची नाही. लाज वाटली.

१३ जानेवारी, भोगी
चौकात खुर्ची टाकून बसलो. पांढरी बाराबंदी, आत पट्टा. मल्लूने काठी अशी तोलली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. टप्पा झाल्यावर तो पाया पडायला आला. मन मोठं करून म्हणालो, मल्लू, पुढच्या वर्षीपण तूच धर. वाटलं, अण्णा असं काय बोलता, तुमीच धरायची, असं काहीतरी म्हणेल.
म्हणाला, बरं.