दुसऱ्या कडव्यातील विराम

३ फेब्रुवारी
चुकीचे गात आहेत! हिच्या गायकवृंदाच्या तालमीला आज जाऊन बसलो — हिच्या हयातीत कधी गेलो नाही. हिची अखेरची रचना येत्या रविवारी ध्वनिमुद्रित व्हायची आहे. दुसऱ्या कडव्यातील लांब ओळ सर्वजण मध्येच तोडतात, थबकतात, मग पुढे जातात. ही ओळ रचली तेव्हा स्वयंपाकघरात हिने ती सलग गायिली होती. मी शेजारच्या खोलीत उत्तरपत्रिका तपासत होतो. मला पक्के स्मरते.

४ फेब्रुवारी
हिचे मागे एवढेच उरणार. ते तरी शुद्ध असावे.

६ फेब्रुवारी
आता संचालन करते ती हिची पट्टशिष्या. तिला स्पष्ट सांगितले — मूळ रचनेत विराम नाही.
“सर, पण गेलं वर्षभर बाईंसमोर आम्ही असंच गायचो. तिथे त्यांना —”
मी तिला पुढे बोलू दिले नाही. मागच्या रांगेतून कुणीतरी पुटपुटले, “वरातीमागून घोडं!” ऐकू आले नाही असे दाखविले.
कन्येला दूरध्वनीवर सांगितले, तर म्हणते, “बाबा, गाण्यातही लाल पेन घेऊन बसलात?”

७ फेब्रुवारी
डॉक्टरांचा तो प्रश्न पाठ सोडीत नाही. “बराच काळ दम लागत असणार त्यांना. घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?” ही कधी बोललीच नाही, मग कळावे कसे?

९ फेब्रुवारी
ध्वनिमुद्रण पार पडले. ओळ सलग — निर्दोष! पट्टशिष्येचे डोळे भरून आले होते. समाधानच असावे. हिच्यासाठी काहीतरी केले, असे आज प्रथमच वाटले.

१२ फेब्रुवारी
खर्जात गाणारे ते वृद्ध गृहस्थ — वृंदात त्यांना ‘ढगोबा’ म्हणतात — हिची तालमीच्या खोलीत राहिलेली छत्री द्यायला आले. चहा घेतला नाही. दारातच म्हणाले, “राग मानू नका सर, पण तो विराम राहायला हवा होता. त्या ओळीत बाईंना दम लागायचा. हात खाली यायचा. त्यांना ओशाळं वाटू नये, म्हणून आम्हीच आधी थांबायला लागलो. अर्थात, तुम्ही तर घरातले. तुमच्या लक्षात आमच्याही आधी आलं असेल.”

मी ‘हो’ म्हणालो.