नव्याण्णव मिनिटं

६ जानेवारी २००२, रविवार
झालं! पाण्याच्या पाळ्यांचा हिशेब गेला जुन्नरला, गोरखच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर. पाणी सोसायटीचा चेअरमन म्हणाला, "आण्णा, डोळं गेलं तुमचं. आता आराम करा." बत्तीस वर्षं डिंगोऱ्याच्या पाळ्या मी हातानं मांडल्या — गुंठ्याला बारा मिनिटं. खड्यासारखं बाजूला काढलं!
तपासणी मात्र मी सोडली नाही. गोरख माझा पुतण्या, हसला — "तीनशे वळी परत गुणणार व्हय?" अरे, भात शिजला का बघायला कोणी परत रांधतं? शीत चेपायचं! प्रत्येक ओळीला नवाचा ताळा.

१० जानेवारी
दोन दिवस भिंग घेऊन बसलो. सत्तेचाळीस गुंठे म्हणजे चार नि सात अकरा, अकराचे दोन. बाराचे तीन. दोन त्रिक सहा — मग उत्तराचे अंकही मिळवून सहाच उरले पाहिजेत. सगळ्या ओळी जुळल्या, एकूण बेरीजही. एखादी चुकली असती तर बरं वाटलं असतं, खोटं कशाला लिहू?

११ जानेवारी
यादीवर सही केली. कोणी चहालासुद्धा विचारलं नाही.

२ फेब्रुवारी
अंबाबाई आली. एकटी बाई, सत्तेचाळीस गुंठे कांदा. "भाऊ, शेवटचं वाफं कोरडंच ऱ्हात्यात. त्याच्या आधीच पानी बंद."
"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"
"यादीवर तुमची सही हाय न्हवं! म्हनलं, माझाच पान्याचा दांड फुटत आसंल."
पुन्हा भिंग. सत्तेचाळीस गुणिले बारा, पाचशे चौसष्ट. यादीत चारशे पासष्ट! ताळा दोन्हींचा सहाच. अंक उलटे झाले तर ताळ्याला दिसतच नाही — सत्तरीत कळलं!

३ फेब्रुवारी
जुन्नरला गेलो. गोरख म्हणे, "टायपिंगची चूक झाली आसंल, आण्णा. पण तुमी तर तपासलं व्हतं!" दुकानातली पोरं फिदीफिदी हसली.

५ फेब्रुवारी
अंबाबाईचा कांदा पिवळा पडला. तिची मिनिटं घटली, तर एकूण बेरीज जुळली कशी? आज एकेक ओळ नव्यानं गुणली. सापडली! भिमाजी — अडतीस गुंठे. हवीत चारशे छप्पन्न, दिलीत पाचशे पंचावन्न. बाईची नव्याण्णव मिनिटं उचलून त्याच्या वावरात! त्याचाही ताळा सहाच.
भिमाजी म्हणजे गोरखचा सासरा.

६ फेब्रुवारी
टायपिंगची चूक दोन्ही ओळींत अशी नेमकी नवाच्या पाढ्यात बसत नाही. गावात ताळा दोघांनाच येतो. एक मी. दुसरा सहा वर्षांचा असताना माझ्या मांडीवर शिकला — पहिल्याच दिवशी ताळा जमला, म्हणून मी त्याला गूळ दिला होता.